दमट हवं, कोंदट नको: झाडावरच्या टॅरंटुलाचं घर लावताना

माझी पहिली टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, अकरा आठवडे जगली. दुकानातून तिच्याबरोबर एक पानभर माहिती मिळाली होती: 'आर्द्रता ८० टक्के ठेवा, रोज फवारा मारा.' मी मूळची चिपळूणची. आर्द्रता म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. रोज सकाळी इमानेइतबारे फवारा मारला. डबा आतून सतत घामेजलेला असायचा, तळाला बुरशीची पांढरी लव धरली होती आणि ती बिचारी झाकणाजवळ, जिथे भोकांची एकुलती एक ओळ होती, तिथे चिकटून बसायची. झाडावरची आहे, उंचावर बसणारच, असं मी स्वतःला समजावत राहिले. एका रविवारी ती तळाशी, पाय पोटाखाली मुडपून पडलेली दिसली.

नंतर बरंच वाचलं, जुन्याजाणत्या पाळणाऱ्यांना विचारलं आणि चूक ध्यानात आली. दमट आणि कोंदट यांत मी गल्लत केली होती. जुलैत कोकणात बाहेर पाऊस कोसळत असतो, पण पुढचं-मागचं दार उघडं असलं की पडवीतून परसापर्यंत वारा आरपार जातो; ते दमट. आणि जूनपासून बंद असलेलं लाकडी कपाट गणपतीत उघडल्यावर जो वास नाकात जातो, ते कोंदट. झाडावर राहणाऱ्या टॅरंटुलाला पहिलं चालतं, दुसऱ्याने ती मरते. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांच्या दोन जोड्या असतात, त्यांतून ती श्वास घेते. छाती फुगवून हवा आत ओढणं तिला आपल्यासारखं जमत नाही. हवा तिच्यापर्यंत आपण पोचवायची.

दुसरी, बयो, आता सहा वर्षांची आहे. खाली लिहिलंय ते तिच्या घराबद्दल. मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते, त्यामुळे थंडी, हीटर आणि दुकानं इथली धरली आहेत.

१. कोळी आधी ठरवा, घर नंतर

'टॅरंटुला' म्हणजे एकच प्राणी नव्हे. काही जमिनीत बीळ करतात, काही झाडावर राहतात, आणि दोघांची घरं एकदम उलट लागतात. बिळातल्याला खोल माती आणि कमी उंची हवी. झाडावरच्याला उंची, साल आणि वारा.

मी बोलतेय ती पिंकटो, म्हणजे अ‍ॅव्हिक्युलॅरिया अ‍ॅव्हिक्युलॅरिया. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. मोठी झाली की मखमली काळी आणि पायांची टोकं गुलाबी, जणू आळता लावलाय. पिल्लू मात्र उलट असतं: अंग गुलाबीसर आणि पायांची टोकं काळी. त्यामुळे दुकानात 'चुकीचा कोळी दिला' म्हणून भांडायला जाऊ नका. या लॅटिन नावात 'पक्षी' दडलाय. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने १७०५ साली सुरिनामच्या कीटकांचा जो चित्रग्रंथ काढला, त्यात असा कोळी हमिंगबर्ड खाताना दाखवलाय. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं तेही पक्ष्यावरूनच. आमची बयो मात्र रातकिड्यावरच खूश आहे.

इथल्या प्रदर्शनांत पोसिलोथेरिया जातीचे कोळीही दिसतील. हे आपल्याकडचे, भारत आणि श्रीलंकेतले. पायांवरची पिवळी-काळी नक्षी पाहून जीव वेडावतो. 'आपला गाववाला' म्हणून पहिलाच तो घरी आणायचा मोह होईल. आणू नका. तो विजेसारखा पळतो, आणि चावला तर स्नायूंत गोळे येऊन माणूस दिवसचे दिवस हैराण होतो. ही अख्खी प्रजाती २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे देशाबाहेर नेण्या-आणण्याला कागदपत्रं लागतात. आणि सुट्टीत गावी गेल्यावर आंब्याच्या ढोलीत मोठा कोळी दिसला तर त्याला तिथेच राहू द्या. बरणीत घालून आणलेला कोळी ही पाळण्याची सुरुवात नव्हे.

विकत घेताना एकच प्रश्न विचारा: इथेच पैदास झालेला आहे का? जंगलातून पकडून आणलेला असेल तर नको.

२. घरमालक, घरातली माणसं आणि मांजर

ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राण्यांच्या १९७६ च्या कायद्याच्या यादीत काही कोळी आहेत, पण टॅरंटुला नाहीत. तेव्हा परवाना लागत नाही. माझ्या भाडेकरारात मात्र 'पाळीव प्राणी नकोत' असं कलम होतं. मी ईमेल करून विचारलं. घरमालकाचं उत्तर एका ओळीचं आलं: 'कार्पेट खराब करत नाही ना?' नाही करत. परवानगी लेखी घ्या आणि तो ईमेल जपून ठेवा.

घरातल्यांना आधी सांगा. आईला मी व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगो, केरसुणी घेऊन मारायचा तर तू त्याला घर बांधत्येस?" अजूनही ती बयोची चौकशी 'ते तुझं ध्यान' अशीच करते, पण करते.

मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या पिसवांच्या औषधाचा हात कोळ्याच्या डब्याला लागता कामा नये. ते औषध किड्यांना मारण्यासाठीच असतं आणि कोळ्यालाही सोडत नाही. मच्छर अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा स्प्रे हेही त्या खोलीत बंद.

३. सामान

मी वापरलेलं हे सगळं. कोळी सोडून साठ पौंडांत झालं.

- समोरून उघडणारी काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची उभी पेटी
- कोकोपीटची सुकी वीट (नारळाच्या काथ्याचा भुसा; बागकामाची चालते, पण खत मिसळलेली नको)
- कॉर्कच्या झाडाची साल, शक्यतो पोकळ नळीसारखी
- प्लॅस्टिकची पानं, नाहीतर मनीप्लांटची फांदी
- सुकं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ), मूठभर
- पाण्यासाठी दोन छोट्या वाट्या (बाटलीची झाकणंही चालतात)
- मत्स्यालयाचं सिलिकॉन, नाहीतर ग्लू गन
- लांब चिमटा, किमान पंचवीस सेंटिमीटरचा
- मऊ पेंटब्रश
- टेकअवेचा पारदर्शक डबा आणि पुठ्ठ्याचा तुकडा
- साधा थर्मामीटर
- भोकं पाडायला ड्रिल किंवा सोल्डरिंग आयर्न

यादीत हायग्रोमीटर नाही, हे मुद्दामच. गोल काट्याचे स्वस्त आर्द्रतामापक मी दोन घेतले. एकाच पेटीत एक ५५ दाखवायचा, दुसरा ७८. त्या काट्यामागे लागूनच मी पहिलीला बुडवलं होतं. आता काचेकडे बघते. फवाऱ्यानंतर काही तासांत काच कोरडी झाली तर ठीक. दुसऱ्या दिवशीही घामेजलेली असेल तर भोकं कमी आहेत.

४. पेटी

पूर्ण वाढलेली पिंकटो पाय पसरून साधारण बारा-तेरा सेंटिमीटर भरते. तिला २० बाय २० तळ आणि ३० सेंटिमीटर उंची पुरते. याहून फार मोठी पेटी घेतली तर कोळी त्यात सुखात राहील, पण तुम्हाला आठवडाभर दिसणार नाही आणि सोडलेला किडाही तिला सापडणार नाही.

पिल्लू घेतलं असेल तर थेट मोठ्या पेटीत टाकू नका. नखाएवढ्या पिल्लाला अर्ध्या लिटरचा उभा प्लॅस्टिकचा डबा बास. बयो अशा दोन डब्यांतून मोठी होत तिसऱ्या घरात आली.

आता दाराबद्दल. वरून उघडणारी पेटी स्वस्त मिळते म्हणून मी आधी तीच घेतली होती. झाडावरची टॅरंटुला वरच्या टोकाला जाळं विणते, बऱ्याचदा झाकणालाच जोडून. म्हणजे तुम्ही पाणी बदलायला झाकण उचललं की तिचं छप्पर गेलं. शिवाय ती वरच असते, झाकणापासून दोन बोटांवर, आणि तुमचा हात आत. बयो एकदा त्या उघड्या झाकणावरून माझ्या बाहीवर आणि तिथून पडद्यावर गेली. पडद्यावरून तिला डब्यात घ्यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी समोरून उघडणारी पेटी मागवली.

वरच्या बाजूला धातूची बारीक जाळी असेल तर ती काढा. कोळ्याच्या पायांच्या टोकाला नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटू शकतो. जाळीच्या जागी भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मापाने कापून मिळते.

५. वारा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे घाई नको.

भोकं फक्त वर असून चालत नाहीत. वर भोकं, खाली बंद, म्हणजे विहीर झाली. तळाची हवा तळालाच बसते. समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं हवीत: एका बाजूला खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, मातीच्या पातळीच्या जरा वर, आणि विरुद्ध बाजूला वरच्या हिश्श्यात. आतली कोमट, ओलसर हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. जुन्या घरांत कौलांखाली झरोके का ठेवायचे ते आठवा, तोच हिशेब.

काचेला घरी भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, तडा जातो. काचेची पेटी घेणार असाल तर समोर दाराखाली हवेची पट्टी आणि वर काढता येणारं छप्पर असलेलीच घ्या. अ‍ॅक्रिलिकला ड्रिल चालतं, पण सावकाश आणि मागे लाकडाचा तुकडा धरून. जोर दिला की कोपरा तडकतो. प्लॅस्टिकच्या डब्याला सोल्डरिंग आयर्नचं टोक नुसतं टेकवायचं. खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत जाऊ देऊ नका. भोकं बाहेरून आत पाडली तर आतल्या बाजूला धारदार कडा राहतात. बोट फिरवून बघा, टोचलं तर घासून काढा.

भोक केवढं? कोळ्याचं पोट मऊ असतं, ते दबून कुठूनही निघतं. टणक असतो तो डोक्याकडचा भाग, जिथून पाय फुटतात. तो जिथून जाईल तिथून अख्खा कोळी जातो. तेव्हा भोक त्या भागापेक्षा बरंच लहान हवं. पिल्लाला एक मिलिमीटरच्या आसपास, मोठीला तीन-चार मिलिमीटर. आणि संख्येत कंजूषपणा नको. बयोच्या पेटीला दोन्ही बाजू मिळून साठेक भोकं आहेत.

झालं की परीक्षा घ्या. पेटी पूर्ण रिकामी असताना खालच्या भोकांपाशी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ आत ओढली जाऊन वरच्या भोकांतून बाहेर पडायला हवी. खोलीत पंखा-हीटर बंद असेल तर धूर रेंगाळतो, ते ठीक. पण तो आत घुटमळून खालीच बसत असेल तर आणखी भोकं पाडा. माझ्या पहिल्या डब्याची ही परीक्षा मी कोळी गेल्यानंतर घेतली. धूर वरच्या भोकांच्या दिशेने गेलाच नाही, नुसता आत साचत राहिला. परीक्षा झाल्यावर पेटी ओल्या फडक्याने नीट पुसून उघडी ठेवा. वास पूर्ण जाऊ दे. आणि कोळी घरात आल्यावर देवापुढची उदबत्ती दुसऱ्या खोलीत.

६. तळ

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चारेक लिटर कोमट पाण्यात टाकली की तासाभरात फुगून बादली भरते. एका पेटीला त्यातलं पाव-अर्धंही लागत नाही. उरलेलं पसरून वाळवा आणि ठेवून द्या.

ओल किती? मूठभर घेऊन दाबा. लाडवासारखं वळलं पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. निथळलं तर वर्तमानपत्रावर एक दिवस पसरा. पेटीत चार-पाच सेंटिमीटरचा थर पुरे. ही काही बीळ करणारी नाही, माती तिच्यासाठी फक्त ओल धरून ठेवणारा गालिचा. वरचा थर दोन दिवसांत कोरडा पडला तरी घाबरू नका, तसाच पडायला हवा. एक कोपरा मॉस ठेवून किंचित ओला राखला की झालं.

बागेतली माती आणू नका. तिच्यात खत, औषध आणि नको ते किडे असतात.

७. साल आणि पानं

कॉर्कची नळी पेटीत किंचित तिरकी उभी करा, खालचं टोक मातीत रुतवून. वरचं टोक आणि छप्पर यांत चार-पाच सेंटिमीटर मोकळे सोडा; जाळ्याचं तोंड ती तिथे करते. साल हलती राहिली तर एक दिवस कोसळून कोळ्यावर पडेल, म्हणून मागच्या भिंतीला सिलिकॉनने चिकटवा. ओल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची. मला पाच दिवस लागले.

सालीच्या वरच्या टोकाभोवती पानं दाटीने लावा. शोभेसाठी लावलेली पानं तळाशी छान दिसतात, पण तिला ती वर हवी असतात, धागे अडकवायला. मोकळ्या काचेच्या पेटीत सोडलेला पिंकटो आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात भेदरून बसतो. पानांआड तीन दिवसांत जाळं विणायला लागतो.

चीड, देवदार अशी राळेच्या वासाची लाकडं टाळा. बाहेरून फांदी आणलीत तर ओव्हनमध्ये मंद तापवून किडे मारून घ्या, आणि त्या वेळी ओव्हनपाशी बसून राहा.

८. पाणी

एक वाटी खाली, एक वर सालीला चिकटवलेली. वरची छोटी, दोन सेंटिमीटर तोंडाची. ती विणून टाकेल, त्यात कचरा टाकेल. तरी भरत राहा. वाटीत स्पंज घालायची पद्धत अजून काही दुकानं सांगतात. स्पंज म्हणजे जंतूंचं माहेरघर, काढून टाका. रातकिडे बुडू नयेत म्हणून खालच्या वाटीत एक खडा पुरे.

फवारा मी आठवड्यातून एकदा-दोनदा मारते, एकाच बाजूच्या काचेवर आणि पानांवर, संध्याकाळी. कोळ्यावर कधीच नाही. थेंबांतून ती पाणी पिते, दोन पुढचे पाय पसरून, तोंड काचेला लावून, आणि त्या वेळी तिला न हलता बघत बसण्यात माझी अर्धी संध्याकाळ जाते. डिसेंबर-जानेवारीत सेंट्रल हीटिंगने घर इतकं कोरडं पडतं की आपले ओठ फुटतात. तेव्हा फवारा एखाद्या वेळी वाढवा. भोकं बुजवू नका.

९. ऊब

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. दुकानदार हीट मॅट आणि दिवा गळ्यात मारेल. तुम्ही स्वेटरशिवाय ज्या खोलीत आरामात बसता, ती खोली पिंकटोला चालते: २० ते २६ अंश. रात्री १८ पर्यंत उतरलं तरी माझ्याकडे काही बिघडलं नाही.

खोली याहून थंड राहत असेल तर खोली गरम करा. हीट मॅट लावायचीच झाली तर पेटीच्या एका बाजूला, बाहेरून, आणि थर्मोस्टॅटसकट. खाली कधीही नको. तळ तापला की माती भाजते. दिवा तर नकोच, तो तासाभरात सगळं सुकवून टाकतो.

पेटी खिडकीत ठेवू नका. इंग्लंडचं ऊन म्हणून हसू नका. एप्रिलमधल्या दुपारी मी रिकामी पेटी थर्मामीटरसह खिडकीत ठेवून पाहिली, चाळीस मिनिटांत आत ३८ अंश झाले होते.

१०. आठवडाभर रिकामी पेटी

सगळं लावल्यावर कोळी आणायची घाई होते. एक आठवडा थांबा. रोज तापमान बघा, फवारा मारून काच किती वेळात वाळते ते बघा, बुरशी येते का बघा. नव्या सालीवर पांढरी बुरशी थोडी येतेच, पुसून टाका. स्प्रिंगटेल नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे जीव विकत मिळतात. ते मातीत सोडले की बुरशी खात राहतात आणि कोळ्याच्या वाटेला जात नाहीत. मी सोडले आहेत.

११. कोळी आत सोडताना

जागा: न्हाणीघर. बाथटबला बूच लावा, दार बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल. पेटी टबमध्ये. कोळी निसटला तरी टबात राहील, गुळगुळीत कडेवर तो घसरतो असं म्हणतात. बयो चढली, पण निदान दिसत होती.

चष्मा घाला. नंबर नसेल तर सुतारकामाचा पारदर्शक चष्मा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर टोचरे केस असतात. लीड्समध्ये २००९ साली एक जण टॅरंटुलाची पेटी साफ करत होता. कोळ्याने केस उडवले, ते त्याच्या डोळ्याच्या बुबुळात रुतले, आणि डॉक्टरांनी ती हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. तो कोळी चिली रोझ जातीचा होता, पायाने केस हवेत उडवणारा. पिंकटो सहसा तसं करत नाही, पोट टेकवून केस टोचवते. पण डोळा तो डोळाच. काम झाल्यावर आधी हात धुवा, मग डोळे चोळा.

आता खरी कृती. ज्या डब्यात ती आली, तो उघडा ठेवून पेटीच्या दारात आडवा करा. पेंटब्रशने तिच्या मागच्या पायांना अगदी हलका स्पर्श. ती दोन पावलं पुढे जाईल, थांबेल. तुम्हीही थांबा. पुन्हा स्पर्श. वीस मिनिटं लागली तर लागू देत. टेकअवेचा डबा दुसऱ्या हातात तयार ठेवा. निसटली तर वरून अलगद झाकायची आणि खालून पुठ्ठा सरकवायचा. बोटांनी धरायचं नाही, पाठीवर फुंकर मारायची नाही.

पिंकटो उडी मारते, हे लक्षात ठेवा. आणि फारच चिडली तर मागचं टोक वर करून नेमका पांढरा पिचकारा सोडते. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पडला म्हणून दिसला नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी तरी विचारलं.

हातावर घेऊन फोटो काढायचा विचार असेल तर सोडून द्या. तिला त्याचं काही सुख नाही, आणि हातावरून फरशीवर पडली तर पोट फुटू शकतं.

१२. खाणं

पहिला आठवडा काहीही देऊ नका. तिला घर बघू दे.

नंतर मोठ्या कोळ्याला सात-दहा दिवसांतून एक किडा: रातकिडा नाहीतर दुबिया झुरळ. हो, झुरळ. चिपळूणला ज्यांना चपलेने मारलं, त्यांचेच भाऊबंद मी इथे पैसे देऊन डझनावर आणते. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. दुबिया मातीत दडी मारतात, म्हणून ते चिमट्याने वर, जाळ्याच्या तोंडाशी धरा. पिल्लांना तीन-चार दिवसांनी पंख नसलेल्या फळमाश्या किंवा मेलेल्या रातकिड्याचा तुकडा जाळ्यावर ठेवा. पिल्लं तो खातात.

चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा बाहेर काढा. अंगणातले, खिडकीतले किडे देऊ नका, कुणाच्या औषधातून आलेत कळत नाही. आणि महिनाभर खाल्लं नाही म्हणून रडू नका. पोट गरगरीत असेल तर ती कात टाकायच्या तयारीत आहे.

१३. कात

एक दिवस ती जाळ्याचं तोंड आतून विणून बंद करेल. आठवडा जाईल, दोन जातील. तुम्हाला वाटेल, मेली. जाळं फाडून बघायची अनावर इच्छा होईल. फाडायचं नाही. आत ती उताणी पडलेली असू शकते, आणि ते मरण नसून कात टाकणं असतं. या काळात पेटीत जिवंत किडा राहिला तर तोच तिला कुरतडतो.

मेलेली कशी ओळखायची? कोळी पाय ताणतो ते आतल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय आपोआप पोटाखाली मुठीसारखे मिटतात. सरळ बसलेली आणि पाय आत मिटलेले, हे वाईट लक्षण. त्या वेळी लगेच तोंडाशी पाण्याचा थेंब द्या. तहानेने झालं असेल तर वाचू शकते. उताणी आणि पाय सैल पसरलेले, तर पेटीपासून लांब व्हा.

कात टाकल्यावर नवे सुळे पांढुरके, मऊ असतात. ते काळे होईपर्यंत खाणं नको, पाणी मात्र भरलेलं. पिल्लाला चार-पाच दिवस, मोठीला दोनेक आठवडे.

टाकलेली कात फेकू नका. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात भिजवली की ती मऊ होऊन उलगडते, आणि पोटाच्या आतल्या बाजूला, वरच्या दोन श्वासपुस्तकांच्या मधे, मादी असेल तर छोटीशी घडी दिसते. बयो बयो आहे हे मला तिच्या सहाव्या कातीवरून कळलं. तोवर तिचं नाव बाळ्या होतं. मादी निघाली याचा आनंद असा की नर मोठा झाला की वर्ष-दोन वर्षांतच आटोपतो, मादी दहाच्या आसपास जाते. त्या ओल्या कातीचा फोटो आईला पाठवला. तिचा उलट मेसेज आला: "म्हणजे आता अंडी घालील काय?"

घातली तरी त्यांतून पिल्लं निघायची नाहीत, नर आणला नाही तर. आणि आणायचा झाला, तर त्यासाठी वेगळी पेटी लागेल.